वीस मिनिटं पुढं

राजमती हुपरीच्या एसटीतून उतरली ती घड्याळ न्यायच्या तयारीनेच. हातात मोठी कापडी पिशवी होती आणि पिशवीत एक जुनी चादर घडी करून ठेवलेली. घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पाय धुतले, आईच्या, म्हणजे अव्वाच्या, फोटोसमोर हात जोडले, डोळे पुसले. हे सगळं रीतसर झाल्यावर तिने सोप्यातल्या भिंतीकडे बघितलं. तिथे नुसता खिळा होता.

"वैनी, घड्याळ कुटं हाय?"

सुरेखा आत हुग्गी ढवळत होती. गुळातली गव्हाची खीर हात थांबला की बुडाला लागते, म्हणून ती जागेवरूनच बोलली. "आमच्या जिनेशनं काल न्हेलंय वन्सं, महाद्वार रोडला. तेलपानी, पॉलिश करून आनतो म्हनालाय. आज अव्वाचं वर्ष हाय न्हवं, कौतिक त्याला."

"तेलपानी करालाय म्हंजे ठिऊन घ्यायचा इचार दिसतोय."

सुरेखा हुग्गी ढवळत राहिली. तीस वर्षांच्या संसारात नणंदेच्या कोणत्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि कोणतं चुलीत घालायचं, हे तिला पाठ झालं होतं.

ते घड्याळ अव्वाच्या लग्नातलं. हुपरीत तिच्या वडिलांच्या घरी चांदीचे पैंजण जोडले जात. त्यांनी मुलीला पाठवताना पैंजणांबरोबर हे लंबकाचं, चावीचं घड्याळ दिलं, कारण कोल्हापूरच्या पाटलांकडे अकरा माणसांचं घर असून घड्याळ नव्हतं म्हणे. दर रविवारी अंघोळ झाली की अव्वा स्टुलावर चढायची आणि मोजून बारा वेळा चावी फिरवायची. शेवटच्या दोन वर्षांत तिला स्टुलावर चढू देत नव्हते, तर ती खाली उभी राहून जिनेशला मोजायला लावायची. अकरावर थांबला तर तिला आवाजावरून कळायचं.

गेल्या वर्षी अव्वाचे दिवस होऊन पाहुणे पांगत होते, तेव्हा राजमतीने पहिल्यांदा विषय काढला होता. हुपरीतनं आलेली वस्तू हुपरीला जाऊ दे, आईची आठवण म्हणून मला तेवढीच द्या. थोरला भाऊ तवनाप्पा, सुरेखाचा नवरा, म्हणाला होता, वर्ष होऊ दे, मग बघू. आज वर्ष झालं.

* * *

सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेक झाला. पाहुण्यांना रविवारी दुपारनंतर सोयीचं पडतं म्हणून घरचा कार्यक्रम साडेतीनला ठेवलेला. थोडी भजनं, मग चार शब्द, मग जेवण. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उचललेली पाहिजेत, हे पाटलांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. जैनाचं घर. शास्त्राप्रमाणे दोन घटका आधीच आटपायचं, पण अव्वाने माणसं बघून नियम जरा सैल केला होता. सूर्य दिसतोय तोवर घास, सूर्य बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. तिने स्वतः तो बासष्ट वर्षं पाळला आणि सुरेखा, राजमती यांनीही तिच्याबरोबर पाळला. पुरुषांचं तेवढं कडक नव्हतं. धाकटा भाऊ भूपाल याच्या शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीला सूर्य कळत नाही, असं तो म्हणायचा.

दुपारी जेवणाची भांडी माडीवरून उतरवताना दोघा भावांत बोलणं झालं.

"देऊन टाक की अण्णा," भूपाल म्हणाला. "मी नवं आनतो, सेलवरचं. चावी न्हाय, कटकट न्हाय."

"सेलवरचं आनून अव्वाच्या जागेवर लावतोस?" तवनाप्पा बिद्रीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं उसाच्या नोंदी करून रिटायर झाला होता. आवाज चढवण्याची त्याला गरज पडत नसे. "घड्याळ घरचं हाय. भित्तीवर ऱ्हाईल."

"मग अक्का यायची न्हाय."

"येती की. कुटं जाती."

"पैजेवर बोलू नगोस. मी तिला बसस्टँडवर घ्यायला गेलतो तवा काय म्हनाली सांगू? म्हनाली, आई गेली, आता भाऊ आपल्या पोरासुनांत. मी कुनाकडं यायचं, भित्तीकडं?"

तवनाप्पा भांडी मोजायला लागला. भूपालला वाटलं, जिंकलो. पण एक मोठं पातेलं दोघांनी मिळून जिन्यावरून खाली आणताना त्याने सहज विचारलं, "लावनार कुटं म्हनं ती?" आणि तवनाप्पा म्हणाला, "नव्या बंगल्यात. हॉलमधी, टीव्हीच्या वर." तेव्हा भूपालचंही तोंड वाकडं झालं. टीव्हीच्या वर अव्वाचं घड्याळ त्याला पटेना. पातेलं खाली टेकेपर्यंत तो थोरल्याच्या पक्षात आला होता.

स्वयंपाकघरात सुरेखा कोणाच्याच पक्षात नव्हती, आणि हेच तिला जड जात होतं. घड्याळ तिला हवं होतं. का, ते तिने या घरात कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. पण राजमती त्याहून हवी होती. सासू असेपर्यंत लेकी तिच्यासाठी येतात. सासू गेली की माहेर भावजयीच्या हातात येतं, आणि ते हातातून सुटलं तर बोट भावजयीकडेच जातं.

"वन्सं," ती कुरवड्या तळता तळता म्हणाली, "तुमी आज पयल्या पंगतीला बसा. हुपरीची शेवटची गाडी गाठायची तुमाला. निवांत जेवा."

राजमती घेवड्याची भाजी परतत होती. तिचं उलथनं तिथेच थांबलं.

"पावन्यांच्यात?"

"न्हाय म्हंजे, गाडी..."

"एका वर्सात मला पावनी केलीस व्हय वैनी? अव्वा असती तर मी शेवटच्या पंगतीला तुमच्यासंगं बसले असते. आजबी तितंच बसनार." मग आवाज जरा खाली आला. "आनि खरं सांगू? ह्ये शेवटचंच हाय. तुजा राग न्हाय मला. पर अव्वा न्हाय, तिची वस्तू न्हाय, मग एसटीचे धक्के खाऊन यायचं कशाला?"

धाकटी जाऊ पद्मा पोळपाटावर वाकली होती, तिने मान वर केलीच नाही. आठ महिन्यांपूर्वी जिनेशची बायको म्हणून या घरात आलेली रूपाली ताटं पुसत होती, ती उगाचच जास्त पुसू लागली. सुरेखाने मनाशी एकच गोष्ट पक्की केली. घड्याळाचं पुरुष काय ते बघतील. वन्सं आज या घरातून उपाशी जाणार नाहीत. पोटभर जेवून, हुग्गीला दोनदा हात पुढे करून जातील. लेक एकदा उपाशीपोटी माहेराच्या उंबऱ्याबाहेर पडली, की ती परत येत नाही.

* * *

साडेतीनला जिनेश घड्याळ घेऊन आला. शिसवीची चौकट चमकत होती, पितळी लंबक चमकत होता, आकड्यांवरचा पिवळेपणासुद्धा गेला होता. त्याने ते खिळ्यावर टांगलं, लंबकाला बोट लावलं आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. सगळ्यांनी वाहवा केली. राजमतीनेही केली आणि मग हळूच पिशवीतली चादर चाचपली.

भजनं झाली. चार शब्द बोलायला गल्लीतले रिटायर हेडमास्तर गणपतराव उठले, ते चार वाजून दहा मिनिटांनी.

गणपतराव चांगला माणूस. पण शाळा सुटल्यापासून त्यांना वर्ग मिळत नव्हता. त्यांनी अव्वाला आधी त्यागमूर्ती केलं, मग करुणेचा सागर केलं, मग ती स्वतः अर्धपोटी राहून दुसऱ्याला घास देत असे असं सांगितलं, तेव्हा दाराआडून बघणाऱ्या बायकांना हसू आवरेना. अव्वा कधी अर्धपोटी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. तिला दुपारी रेडिओ लागायचा, चहाबरोबर बटर लागायचं आणि मंडईत घेवड्याची शेंग मोडून आवाज ऐकल्याशिवाय ती पैसे द्यायची नाही.

"इचलकरंजीचं लगीन सांगा की मास्तर," भूपाल मागून म्हणाला.

मास्तरांना ते लग्न माहीत नव्हतं, म्हणून भूपालनेच सांगितलं. वरातीला उशीर झालेला, दिवस कलत चाललेला, आणि अव्वा उठून एकटीच मांडवातल्या रिकाम्या पंगतीत जाऊन बसली. वाढपी म्हणाला, आजी, नवरदेव यायचाय अजून. अव्वा म्हणाली, "त्याला येऊ दे की. त्याच्यासाठी सूर्य थांबत असंल तर मीबी थांबते. इचारून ये." वाढप्याने वाढलं. मग तिच्या शेजारी आणखी एक म्हातारी बसली, मग चार, मग पूर्ण पंगत. नवरदेव आला तेव्हा वरमाई बोटं चाटत होती.

लोक हसले. एकाने दुसरी गोष्ट काढली, धोंडुबाईने तिसरी. शेजारच्या या म्हातारीने अव्वाबरोबर चाळीस वर्षं भाजी आणली होती. तिने मंडईतल्या तराजूची गोष्ट सांगितली, भाजीवाल्याच्या आवाजासकट. तवनाप्पा अभिषेकाच्या धोतरातच बसला होता. आईचं वर्ष असून घर हसतंय, हे त्याला फार बरं वाटलं. मास्तर पुन्हा उठले तसं त्याने घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच. त्याने मनात वीस वजा केले. अजून साडेचारसुद्धा नाहीत. बोलू देत.

त्याच्यापासून दोन हातांवर भूपालनेही बघितलं, वीस वजा केले आणि मांडी बदलली.

आत सुरेखानेही दारातून बघितलं आणि वीस वजा केले. वेळ आहे, असं म्हणून ती आणखी कुरवड्या तळायला वळली.

आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही, असं तिघांनाही वाटत होतं.

पाच वाजता पाहुण्यांची पंगत बसली. साडेपाचला घरच्या पुरुषांची. हुग्गी सगळ्यांनी मागून घेतली. अव्वा असती तर तिने सोप्यात येऊन घड्याळाखाली उभं राहून "आता उठा" म्हटलं असतं आणि पुरुष चूळ भरायला पळाले असते. सुरेखाने दोनदा दारातून सांगितलं, पण तिच्या सांगण्यात ती धार नव्हती, कारण तिलाही वाटत होतं की वेळ आहे. पश्चिमेला गेल्या वर्षी तीन मजली इमारत उठल्यापासून घरात चारलाच ट्यूब लावावी लागायची. उन्हाचा काही पत्ता नव्हता.

पावणेसहाला पुरुष सुपारी शोधत होते. आत पाच ताटं मांडायची होती. रूपाली माडीवर साडी बदलायला गेली. तिथे उशीखाली तिचा मोबाइल होता. सासूबाईंना आवडत नाही म्हणून ती तो दिवसा खाली आणत नसे. तिने सवयीने वेळ बघितली, जिना उतरली, सोप्यातून जाताना भिंतीवर नजर टाकली आणि थबकली.

तिला या घरात आल्यापासून एक गोष्ट माहीत होती. सांगितली कुणी नव्हती.

"आई," ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "घड्याळ बरोबर आहे."

"असू दे. ताटं घे."

"तसं न्हवं आई. बरोबर आहे. पाच अठ्ठेचाळीस. मोबाइलातबी तेच."

सुरेखाच्या हातातली पळी आमटीत बुडाली.

"बरोबर कसं असंल?" तवनाप्पा सोप्यातून म्हणाला. त्याच्या आवाजात अशी घबराट होती, जशी लोकांना घड्याळ बंद पडल्यावर वाटते. "ते वीस मिन्टं पुढं असतंय."

"तुला कसं म्हाईत?" भूपाल उठून उभा राहिला.

"म्हंजे? बिद्रीची गाडी चुकू नये म्हनून अव्वानं पुढं केलतं माज्यासाठी."

"तुज्यासाठी? माज्या फर्स्ट शिफ्टसाठी केलतं ते."

"माज्या कॉलेजासाठी," राजमती आतून म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

जिनेश दाराला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "घड्याळजीनं रेडिओला लावून दिलं," तो म्हणाला. "मी म्हटलं, आज तरी बरोबर असावं. अज्जीचं वर्ष आहे."

कोणी त्याला बोललं नाही. बोलायला वेळच नव्हता. डिसेंबरात सूर्य सहाला बुडतो, आणि पाच बायकांच्या पोटात सकाळपासून दोन कप चहा होता.

"मला धरू नगा," धोंडुबाई म्हणाली. "मी रातच्या बाराला बी जेवते. तुमचं बघा."

राजमतीने पदराला हात पुसले. "असू दे वैनी," ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, तेच सुरेखाला लागलं. "एक दिवस न्हाय जेवलं तर काय हुतंय. मी निगते. गाडी तरी मिळंल."

सुरेखाने तिच्या वाटेत उभं राहून दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. या घरात तिने असं कधीच केलं नव्हतं. नणंदेची वाट अडवायची, तीही भरल्या सोप्यासमोर.

"न्हाय," ती म्हणाली. "उपाशी जायचं न्हाय. गच्चीवर चला."

"गच्चीवर कशाला?"

"आता सूर्य दक्षिणेला सरकलेला असतोय. इमारतीच्या कडंनं दिसंल. चला म्हनते न्हवं. भावजी, हुग्गीचं पातेलं उचला. जिनेश, भात. अवो, तुमी आमटी घ्या, आनि धोतर सांभाळा, जिन्यात पाय अडकंल."

तवनाप्पा पाटील, वय वर्षं एकसष्ट, याने आयुष्यात पहिल्यांदा आमटीचं पातेलं उचललं.

* * *

सूर्य होता. इमारतीच्या डाव्या अंगाला, लांबच्या पाण्याच्या टाकीच्या वर, लाल आणि चपटा, पण अख्खा होता.

चटया आणायला वेळ नव्हता. बायका गच्चीच्या गार फरशीवरच बसल्या. गडबडीत वर चारच ताटं आली होती. पद्मा, रूपाली आणि धोंडुबाईंपुढे एकेक गेलं. धोंडुबाई "मला कशाला" म्हणत पहिली बसली होती. उरलेलं एक सुरेखाने राजमतीपुढे सरकवलं.

"आनि तू?"

"तुमी जेवा. मी नंतर..."

"नंतर कवा? सूर्याला इचारून आलीस?" राजमतीने तिला दंडाला धरून खाली बसवलं. "ह्यातच जेव."

पुरुष वाढायला लागले. भूपालने हुग्गी भातावर ओतली. जिनेशने कुरवड्या मुठीने वाढल्या. तवनाप्पाला आमटी किती वाढायची याचा अंदाज नव्हता. पळी भरून घ्यायचा, मग घाबरून अर्धी परत पातेल्यात ओतायचा. पद्मा हसली, मग रूपाली हसली, आणि तोंडात घास असल्याने धोंडुबाईला ठसका लागला.

"अवो, वाढा की हात सैल सोडून," सुरेखा म्हणाली. "उसाची नोंद न्हाय ती."

दोघी एका ताटात जेवत होत्या. राजमती मोठे घास घेत होती, मध्येच सूर्याकडे बघत होती. टाकीची कड त्याला चाटायला लागली होती.

"वैनी," ती म्हणाली, "आपन सगळी म्हनतोय माज्यासाठी, माज्यासाठी. खरं कुनासाठी केलतं अव्वानं?"

सुरेखाने घास गिळला. तीस वर्षं ती हे बोलली नव्हती. आज घाईत, अर्ध्या भरल्या तोंडाने बोलली, म्हणूनच कदाचित बोलता आलं.

"माज्यासाठी."

राजमतीने तिच्याकडे बघितलं.

"मी नवी आलते. पंच्याहत्तर साली, असाच डिसेंबर. अकरा मानसं जेवायची, मग आमी. वाढून हुईस्तवर अंधार. मला कुनाला सांगायला लाज वाटायची. तीन दिवस मी तशीच झोपले. तिसऱ्या दिवशी रातच्याला चक्कर आली म्हनून बसले, तर अव्वानं बघितलं. काय बोलली न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढली. मामंजींनी इचारलं, काय करतीस. म्हनाली, घड्याळ मागं पडालंय, सारकं करते." सुरेखा हसली. "अव्वा खोटं बोलल्याली मी एवढीच ऐकली. त्या दिवसापासनं पुरुष वीस मिन्टं आदी उठायला लागले, आनि आमी दोगी उजेडात जेवायला लागलो. तिनं मला कधी सांगितलं न्हाय. मीबी कधी इचारलं न्हाय. एकदाच म्हनाली, तुला उपाशी बघून मला माजी तीस वर्सं आठवली."

पळी घेऊन उभा असलेला तवनाप्पा तसाच उभा राहिला. ती तीस वर्षं तो पंगतीत बसून जेवत होता. त्यातली निम्मी तरी त्याला नीट आठवत होती, आमटीच्या चवीसकट. आई कधी जेवते हे त्याला आठवत नव्हतं.

"मी तवा घरातच होते," राजमती हळू म्हणाली. "एकोनीस वर्सांची. मी लेक, मी आदी जेवायची. मला दिसलं न्हाय वैनी."

"कुनालाच दिसलं न्हाय. जेवा, बुडतोय तो."

राजमतीच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं. तिने ते पुसलं नाही, कारण उजवा हात खरकटा होता आणि डाव्या हाताने तिने सुरेखाचा हात धरला होता. भूपालने न विचारता दोघींच्या ताटात आणखी हुग्गी ओतली. राजमतीने अर्धी आपल्याकडे ओढली.

"अजून घाल की," ती म्हणाली.

सूर्याची शेवटची कड टाकीआड गेली, तेव्हा ताट पुसल्यासारखं रिकामं होतं, आणि पाचही जणींनी वर पाणी पिऊन घेतलं होतं.

* * *

खाली उतरल्यावर तवनाप्पाने स्टूल ओढलं. कुणी चढ म्हटलं नाही, तो स्वतःच चढला. धोतराचा सोगा तेवढा जिनेशने धरला.

"किती?" त्याने सुरेखाला विचारलं. बायकोला विचारून घरातली एखादी गोष्ट करायची त्याची ही पहिलीच वेळ नसावी, पण सगळ्यांसमोरची पहिलीच होती.

"वीस," सुरेखा म्हणाली.

त्याने मोठा काटा फिरवला. मग खाली उतरून बहिणीकडे वळला. दोन पंगती आणि एक जिना, एवढ्या वेळात त्याचा विचार बदलला होता. "राजू, घ्यून जा. जिनेश सोडंल गाडीनं हुपरीपतोर. हिसका बसायचा न्हाय घड्याळाला."

राजमतीने चादर पिशवीतून बाहेर काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे हितंच. रूपाली हाय की घरात." तिने रूपालीकडे बघितलं. रूपाली खाली बघत होती आणि हसू दाबत होती. "तुला कुनी सांगितलं गं पुढं हाय म्हनून?"

"कुनी न्हाय आत्या. आल्यावर चारच दिवसांत कळलं. रोज पोट भरत होतं."

सुरेखाने रिकाम्या पिशवीत हुग्गीचा डबा ठेवला, कुरवड्या ठेवल्या, घेवड्याच्या शेंगा ठेवल्या. राजमतीने नको म्हटलं नाही. तिने पर्समधून आपलं मनगटी घड्याळ काढलं. दिवसभर हात पाण्यात म्हणून काढून ठेवलेलं. ते हातात धरून ती अव्वाच्या घड्याळाखाली उभी राहिली.

"सात वाजालेत," ती म्हणाली.

"न्हाय आत्या, सहा चाळीस," रूपाली म्हणाली.

"म्हाईत हाय." तिने चावी बाहेर ओढली आणि काटे पुढे फिरवले, वरच्या घड्याळाशी जुळेपर्यंत. फिरवता फिरवता ती थांबली. "माज्या घरात दोन सुना हायत. धाकटीला येऊन पाच वर्सं झाली. ती कवा जेवती, मी बघितलंच न्हाय कधी."

तिने चावी आत दाबली, पट्टा मनगटावर बांधला, अव्वाच्या फोटोला हात जोडले आणि चपला घातल्या. उंबऱ्यावर ती वळली.

"वैनी, पाडव्याला येते."

"या की. जेवायलाच या."

"येते. तुज्या टायमानं येते."

ती पायरी उतरली. बाहेर जिनेशने गाडी चालू केली होती. आत सुरेखाने वर बघितलं. सात वाजून दोन मिनिटं. तिने मनातसुद्धा काही वजा केलं नाही.